श्वासनलिका बंद झाली, मग आतली हवा गेली कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अलीकडे एका दीड वर्षाच्या मुलाची बातमी आली होती. पोह्यांतला शेंगदाणा श्वासनलिकेत जाऊन त्याचे डावे फुफ्फुस मिटले आणि पुण्यातल्या एका रुग्णालयात तो दाणा दुर्बिणीतून काढावा लागला, असा तिचा मजकूर होता. या विकाराचे ज्ञान प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले, असा एक ओझरता उल्लेखही तीत होता. त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात विचारले आहे, की नळी बंद केली की फुफ्फुस मिटणार हे शेंबड्या पोरालाही कळते, मग एवढ्यासाठी ससे आणि कुत्री कशाला मारायची? प्राण्यांविषयीची त्यांची कळकळ मला मान्य आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. परंतु ज्याला ते उघड सत्य म्हणतात ते उघड नाही, आणि ते तसे नाही हे त्या प्रयोगांवाचून कोणाच्या ध्यानात आले नसते. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात नोकरीची सारी वर्षे घालवलेला माणूस म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

फुग्यात हवा भरून त्याचे तोंड दोऱ्याने घट्ट बांधले, तर फुगा मिटत नाही. बांधल्यामुळेच तो फुगलेला राहतो. फुफ्फुसाच्या एका खंडाकडे जाणारी नळी बुचाप्रमाणे बंद झाली, तर नवी हवा आत जाणार नाही हे खरे, पण आत असलेल्या हवेलाही बाहेरची वाट उरत नाही. साध्या तर्काने पाहिले तर तो खंड आहे त्या आकाराचा राहायला हवा. प्रत्यक्षात मात्र काही तासांत तो लहान होऊ लागतो. त्याचा गुलाबी रंग जाऊन जांभळट तांबडा रंग येतो, बोटांनी दाबले असता निरोगी फुफ्फुसात होणारा हलका करकर आवाज येत नाही, आणि कापलेला तुकडा पाण्यात टाकला तर तरंगण्याऐवजी तळाशी जातो. ‘हवा पोहोचली नाही म्हणून फुफ्फुस मिटले’ हे आपल्या बातमीतले वाक्य यातल्या खऱ्या कोड्याला हातच लावत नाही. आधी होती ती हवा गेली कुठे?

एकोणिसाव्या शतकात वैद्यकातल्या मोठमोठ्या माणसांना या प्रश्नाने अडवून धरले होते. १८४० च्या दशकात जर्मनीत मेंडेल्सन आणि ट्राउबे यांनी सशांच्या श्वासनलिकांत कागदाच्या गोळ्यांसारखे अडथळे बसवून पलीकडचा भाग मिटतो हे दाखवले. कार्य आणि कारण यांची सांगड तेव्हा बसली. मधली पायरी मात्र कळली नाही. १८५० च्या सुमारास एडिंबरोचे डॉ. विल्यम गेर्डनर यांनी एक देखणी उपपत्ती मांडली. श्वासनलिका खोलवर जाताना निमुळत्या होत जातात. त्यामुळे श्वास घेताना कफाचा गोळा आत ओढला जाऊन अरुंद जागी घट्ट बसतो, आणि श्वास सोडताना रुंद बाजूकडे सरकून हवेला कडेने निसटू देतो. असा एकेका श्वासाने खंड रिकामा होत जातो, असे ते म्हणत. रुग्णांकडे पाहून आणि शवविच्छेदन करून केलेला हा विचार होता, आणि वाचणाऱ्याला तो पटतो. अर्धवट अडथळ्यात झडपेसारखी क्रिया होते ही त्यांची दृष्टी आजही कामाची आहे. पण पूर्ण बंद नळीचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर लुडविग लिख्टहाइम यांनी १८७८ च्या सुमारास सशांवर केलेल्या प्रयोगांनी दिले. नळी बंद करण्यासाठी त्यांनी लॅमिनेरिया या समुद्री वनस्पतीच्या वाळलेल्या देठाचे तुकडे वापरले. हा देठ ओलाव्याने फुगतो, त्यामुळे नळीत बसवल्यावर तो कडेला फट राहू देत नाही. (गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडण्यासाठी प्रसूतितज्ज्ञ हाच देठ वापरत आले आहेत.) बाहेर पडायला वाट नसतानाही पलीकडचे फुफ्फुस मिटले, म्हणजे हवा कडेने निसटल्याने मिटले हे स्पष्टीकरण पूर्ण अडथळ्याला लागू पडेना. मग त्यांनी निर्णायक पाऊल उचलले आणि नळीबरोबर त्या भागाकडे येणारा रक्तप्रवाहही बंद केला. त्या स्थितीत फुफ्फुस मिटले नाही. नळी दोन्ही वेळा सारखीच बंद होती. फरक होता तो केवळ रक्ताचा. कोंडलेली हवा रक्तात शोषली जाते आणि ती शोषली गेली की खंड मिटतो, हा निष्कर्ष तिथे निघाला, आणि पुढच्या जवळजवळ दीडशे वर्षांत त्याच्या पायाला धक्का लागलेला नाही.

याच तर्काची उलट बाजू पाहण्यासारखी आहे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मेंढीच्या पोटातील गर्भाची श्वासनलिका बांधण्यात आली, तेव्हा फुफ्फुस मिटण्याऐवजी नेहमीपेक्षा मोठे वाढले. गर्भाच्या फुफ्फुसात हवा नसते, फुफ्फुस स्वतःच द्रव तयार करत असते आणि तो द्रव कोंडला की आतून ताण येऊन वाढ होते. शोषली जाण्यासारखी हवाच नाही, तर अडथळ्याचा परिणाम उलटा होतो. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला जन्मजात छिद्र असल्याने ज्या गर्भांची फुफ्फुसे फार लहान राहतात, त्यांच्या श्वासनलिकेत काही आठवड्यांपुरता छोटा फुगा ठेवण्याचा उपचार याच धाग्यातून पुढे आला. ‘नळी बंद केली की फुफ्फुस मिटणार’ हा नियमच नाही, हे पत्रलेखकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

रक्त हवा का शोषते, हे समजायला थोडे आकडे लागतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो, आणि कोंडलेल्या वायूचा एकूण दाबही साधारण तेवढाच राहतो, कारण तो कमी होऊ लागला की सभोवतालचे फुफ्फुस, छातीचा पडदा आणि हृदय त्या बाजूला सरकून जागा भरून काढतात. फुफ्फुसाकडे येणाऱ्या अशुद्ध रक्तात ऑक्सिजनचा दाब सुमारे ४०, कार्बन डायऑक्साइडचा ४६, नायट्रोजनचा ५७३ आणि पाण्याच्या वाफेचा ४७ असतो. बेरीज ७०६ होते. म्हणजे कोंडलेल्या हवेपेक्षा रक्तातल्या वायूंचा दाब सुमारे ५४ मिलिमीटरने कमी पडतो, आणि या उतारावरून वायू रक्तात जात राहतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे हवेचा दाब ७१० च्या आसपास असतो आणि तूट थोडी कमी भरते. पण हिशेबाची रीत तीच. ऑक्सिजन झपाट्याने शोषला जातो, त्यामुळे मागे उरलेल्या हवेत नायट्रोजनचे प्रमाण वाढते आणि तोही रक्ताकडे वळतो. मात्र तो रक्तात फारच कमी विरघळत असल्याने सावकाश जातो. साध्या हवेवर श्वास घेणाऱ्या माणसाचा खंड मिटायला काही तास ते एक दिवस लागतो, तो या नायट्रोजनमुळेच.

आता समजा, नळी बंद होण्याआधी तो माणूस शुद्ध ऑक्सिजनवर होता. नायट्रोजन धुऊन निघालेला असतो, रक्तातल्या वायूंची बेरीज दीडशेच्या आसपास येते आणि तूट ५४ वरून सहाशेच्या वर जाते. तोच खंड मग तासाभराच्या आत मिटू शकतो. डेल आणि रान यांनी १९५२ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या मोजमापांत हवा आणि ऑक्सिजन यांच्यातला वेगाचा हा फरक ठळकपणे दिसला. ऑक्सिजन म्हणजे जितका जास्त तितका चांगला, ही समजूत आपल्या शहरात २०२० आणि २०२१ नंतर घराघरांत पक्की झाली आहे. त्या दिवसांत सिलिंडरसाठी ज्यांनी रात्री धावपळ केली त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञाला हा हिशेब रोज करावा लागतो. १९८५ मध्ये स्वीडनमधील भूलतज्ज्ञांनी सीटी स्कॅन करून दाखवले, की भूल दिल्यानंतर काही मिनिटांतच पाठीकडच्या भागात मिटलेल्या फुफ्फुसाचे पट्टे दिसू लागतात. भुलेत फुफ्फुसाचे आकारमान घटते, बारीक नळ्या बंद होतात आणि पलीकडे कोंडलेला ऑक्सिजन रक्त शोषून घेते. सुरुवातीला १०० ऐवजी ८० टक्के ऑक्सिजन दिल्यास हे पट्टे कमी होतात. पण श्वासासाठी घशातून कृत्रिम नळी घालायला वेळ लागला तर रुग्णाजवळची ऑक्सिजनची शिल्लक लवकर संपते. यांपैकी काय पत्करायचे हे रुग्ण पाहून ठरते, आणि ठरवणाऱ्याच्या मनात सशांवरील त्या प्रयोगाचे तत्त्व असते, नाव आठवो वा न आठवो.

कुत्र्यांवरच्या प्रयोगांबद्दल पत्रलेखकांनी वेगळी नाराजी व्यक्त केली आहे, म्हणून त्यांचे फळही सांगतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला ताप येऊन धाप लागते, हे जुन्या शल्यविशारदांना ठाऊक होते. लंडनचे डॉ. विल्यम पाश्चर यांनी १९०८ ते १९१० या काळात त्यामागे मिटलेला खंड असतो हे मांडले, पण त्यांचा भर श्वासाच्या स्नायूंच्या दुर्बलतेवर होता. दुसरा पक्ष कफाने अडलेल्या नळीकडे बोट दाखवत होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात ली, टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या श्वासनलिकेत दुर्बिणीतून घट्ट, चिकट स्राव सोडला. खोकता येत असलेले कुत्रे तो बाहेर टाकत असे. भुलेच्या औषधाने खोकल्याची उबळच दबलेली असली की स्राव जागीच राही आणि खंड मिटे. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये कोरिलोस आणि बर्नबॉम यांनी नळीत रबरी फुगा बसवून, एक्स-रे आणि वायूंचे पृथक्करण यांच्या साह्याने शोषणाच्या पायऱ्या तपासल्या. आज शस्त्रक्रियेनंतर टाके दुखत असतानाही परिचारिका उशी पोटाशी धरून खोकायला लावतात, तीन चेंडूंचे ते निळे-पांढरे यंत्र श्वासाने ओढायला लावतात आणि दुसऱ्याच दिवशी पलंगावरून खाली उतरवतात. त्याचा राग येणाऱ्या नातेवाइकांना या शिस्तीचा उगम सहसा माहीत नसतो.

प्राण्यावरून माणसावर उडी मारण्यात धोका असतो, हा पत्रलेखकांचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि या विषयात तो अर्धा खरा ठरला आहे. १९३० च्या आसपास व्हॅन ॲलन आणि लिंडस्कॉग यांना कुत्र्यांत असे आढळले, की खंडाच्या आतल्या एखाद्या लहान शाखेला बूच मारले तरी पलीकडचा भाग मिटत नाही, कारण शेजारच्या भागातली हवा वायुकोशांच्या भिंतींतल्या सूक्ष्म छिद्रांतून आणि आडवाटांनी तिथे पोहोचते. संपूर्ण खंडाची नळी अडवली तरच तो हमखास मिटतो. डुकराच्या आणि गाईबैलांच्या फुफ्फुसात मात्र लहान लहान विभागांमध्ये पूर्ण पडदे असतात. तिथे आडवाट जवळजवळ नाहीच, आणि लहान शाखा अडली तरी तेवढा भाग मिटतो. माणूस या दोन टोकांच्या मध्ये येतो, आणि लहान मुलांत या आडवाटा पुरत्या तयार झालेल्या नसल्याने मूल डुकराच्या बाजूला अधिक झुकते. केवळ कुत्र्यावर विसंबणाऱ्याने मुलाच्या बाबतीत गाफील राहावे, आणि केवळ डुकरावर विसंबणाऱ्याने प्रौढाच्या बाबतीत उगाच घाबरावे, असे हे प्रकरण आहे. यावर उपाय कोणत्या प्राण्यात काय वेगळे आहे हे नीट मोजून लिहिण्याचा आहे, आणि या विषयात ते झाले.

मांजरांवरचा एक प्रयोग तर आपल्या घरातल्या ऑक्सिमीटरशी थेट जोडलेला आहे. फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये दाखवले, की ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीराच्या इतर भागांत अशा वेळी त्या सहसा रुंदावतात. त्यामुळे मिटलेल्या खंडाकडचे रक्त बऱ्याच अंशी चांगल्या भागाकडे वळवले जाते. म्हणूनच शेंगदाण्याने एक खंड बंद पडलेल्या मुलाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९५-९६ दाखवू शकतो, आणि आई-वडील तो आकडा पाहून निर्धास्त होतात.

बातमीतल्या मुलाकडे वळतो, कारण त्याच्या बाबतीत हा सगळा पसारा उपयोगाचा आहे. शेंगदाणा गेल्या क्षणी जोराचा ठसका लागतो, मूल लालबुंद होते, आणि मग बरेचदा सारे शांत होते. ही शांतता फसवी असते. सुरुवातीला दाणा नळी पूर्ण बंद करत नाही. श्वास घेताना नळी किंचित रुंदावते तेव्हा हवा आत जाते, सोडताना नळी अरुंद होते आणि हवा अडकते. त्या बाजूचे फुफ्फुस मिटण्याऐवजी फुगते. नेहमीचा, श्वास आत घेतलेला एक्स-रे यावेळी जवळजवळ निर्दोष दिसू शकतो आणि शेंगदाणा तर एक्स-रेवर दिसतच नाही. श्वास सोडतानाचा एक्स-रे काढला तर एक बाजू काळी, फुगलेली राहते आणि हृदय दुसरीकडे ढकललेले दिसते. पुढे दाणा ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने नळीचे अस्तर सुजते, आणि अर्धवट अडथळ्याचा पूर्ण अडथळा होतो. तिथून पुढे कोंडलेली हवा रक्तात शोषली जाऊ लागते. मग तोच एक्स-रे उलटा होतो: ती बाजू पांढरी, आकसलेली, आणि हृदय त्या बाजूला ओढलेले. दरम्यान छातीत घरघर ऐकून बाळदमा समजून वाफ दिली जाते, ताप आला की निमोनिया समजून औषधे दिली जातात, आणि दाणा जागीच राहतो. अडथळा फार दिवस राहिला आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर नळ्या कायमच्या रुंद आणि विद्रूप होतात, हेही सशांवरील प्रयोगांत दिसले होते.

आपल्याकडे हे शेंगदाण्यापुरते नाही. सासवडकडून सीताफळांच्या पाट्या शहरात येऊ लागल्या की त्यांच्या बिया आल्याच, हुरड्याच्या मोसमात ज्वारीचे दाणे आले, शिवाय चिंचोके, चणे आणि चिक्कीचे तुकडे वर्षभर असतातच. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पोह्यांतून, साबुदाण्याच्या खिचडीतून अख्खे दाणे देऊ नयेत. कूट घालावे, चव तीच राहते. आणि खाताना लागलेल्या जोराच्या ठसक्यानंतर मूल शांत झाले तरी ती गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी, कारण ती विचारली जाईलच असे नाही.

आता प्राण्यांविषयी. १८४० च्या दशकातल्या त्या सशांच्या नशिबी काय आले असेल याची कल्पना करवत नाही. इथरच्या भुलेचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक १८४६ च्या ऑक्टोबरात झाले. त्यातून मिळालेल्या ज्ञानाचा लाभ घेताना ती वेदना नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही, आणि मी ती नाकारत नाही. पत्रलेखकांचा राग मात्र एका ठिकाणी अगदी योग्य जागी आहे: ज्याचे उत्तर मिळालेले आहे तो प्रयोग केवळ दाखवण्यासाठी पुन्हा करू नये. आपला कायदाही हेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे कलम १७ सांगते, की वैद्यकीय महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती आणि चित्रफिती यांनी भागत असेल तर प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, आणि लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. १९९८ च्या नियमांनी त्याला नोंदणी आणि देखरेखीची चौकट दिली. नळी बांधून फुफ्फुस मिटते हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आज एकही ससा लागता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्याच कलमातला ‘तेच निष्कर्ष मिळत असतील तर’ हा शब्दप्रयोग या विषयात फार जपून वाचावा लागतो. आडवाटांचा प्रश्न असेल तिथे ससा, कुत्रा आणि डुक्कर ही एकमेकांची पर्यायी नावे नाहीत, आणि नैतिकतेच्या नावाने चुकीचा प्राणी निवडला तर तो प्राणीही गेला आणि उत्तरही गेले.

संपादक महाशय, आपणास एक विनंती आहे. अशा बातमीत ठसका कधी लागला, मूल किती दिवसांनी रुग्णालयात पोहोचले आणि श्वास सोडतानाचा एक्स-रे काढला होता का, एवढे तीन तपशील रुग्णाची ओळख न देता छापता येतील. आपल्या बातमीत रुग्णालयाने काढलेल्या दाण्याचे छायाचित्र होते, हे तीन तपशील नव्हते. आणि तसाच ठसका लागलेले मूल ज्यांच्या घरात आहे अशा वाचकांना नेमके तेच हवे होते.

आपला,
एक निवृत्त शरीरक्रियाशास्त्र अध्यापक
कोथरूड, पुणे